स्पर्धा घरातली, लक्ष्य ज्याचे त्याचे

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल, तर ते स्वाभाविक आहे. पंचायत सदस्यांच्या आणि शिक्षकांच्या सभेत पाणीपुरवठा, पटनोंदणी, करवसुली असे विषय निघावेत. घरातल्या मंडळींनी वजन आटोक्यात आणण्यासाठी आपसांत स्पर्धा लावावी, हा काय सभेचा विषय झाला? शिवाय कुपोषणाचा प्रश्न अजून पुरता न सुटलेल्या राज्यात वाढत्या वजनाची काळजी करणे म्हणजे सुखवस्तू माणसांचे चोचले, असेही कोणाला वाटेल. तेव्हा प्रथम या शंकेचे निरसन केले पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २०.८ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी आढळले आणि २३.४ टक्के स्त्रियांचे जास्त. पुरुषांच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे १६.२ आणि २४.७ टक्के असे होते. म्हणजे ढोबळ मानाने पाचांतली एक स्त्री कृश आणि चार-पाचांतली एक स्थूल. या दोघी दोन निराळ्या राज्यांत राहत नाहीत. त्या एकाच गावात, एकाच आळीत आणि पुष्कळदा एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे अन्न खाऊन राहतात. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये सुरू झाल्यापासून अंगणवाडीतील तराजू आपल्या ओळखीचा झाला आहे. मुलाचे वजन वाढते की नाही, हे पाहण्याची सवय गावाला त्या तराजूने लावली. आता त्याच घरातील वडीलधाऱ्या माणसांनीही काट्यावर उभे राहण्याची वेळ आली आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रश्न दिसण्याचा नव्हे, रोगाचा

वजन हा रूपाचा प्रश्न असता, तर शासनाने किंवा पंचायतीने त्यात लक्ष घालण्याचे कारण नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या मधुमेहविषयक पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२१ साली देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असावा आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे असावेत, असा अंदाज त्यात दिलेला आहे. उंबरठ्यावरच्या माणसाला बहुधा काही दुखत-खुपत नाही. त्यामुळे तो दवाखान्यात जात नाही आणि उंबरठा ओलांडल्याचे त्याला उशिरा कळते.

यात आपल्या शरीराची एक खोड ध्यानात घेतली पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छायाचित्रासह मांडले होते. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो, त्याला शरीरभार निर्देशांक म्हणतात. व्यवहारात तो ‘बीएमआय’ या नावाने ओळखला जातो. या दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले, तेव्हा डॉ. युडकिन यांच्या बाबतीत ते ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के भरले. काटा आणि फूटपट्टी यांच्या लेखी जी दोन माणसे समान, ती आतून इतकी निराळी! सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटातही चरबी दडलेली असू शकते, हा याचा बोध आहे. म्हणूनच भारतीय प्रौढांच्या बाबतीत निर्देशांक २३ झाला की सावध व्हावे आणि २५ झाला की स्थूलता समजावी, असे आपल्याकडील तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरविले. कमरेचा घेर पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राखावा, असेही त्यांचे सांगणे आहे.

या उदाहरणातून आणखीही एक गोष्ट निघते आणि ती आजच्या विषयाच्या गाभ्याची आहे. समान दिसणाऱ्या दोन माणसांची जर अशी स्थिती, तर सासू आणि सून, बाप आणि मुलगा, नवरा आणि बायको यांची वजने एका रांगेत मांडून पहिला-दुसरा क्रमांक लावणे कितपत शहाणपणाचे?

घराचा काटा एकत्रच हलतो

असे असूनही वजनाचा विचार एकट्याने न करता घराने करावा, असे मी म्हणतो. त्यालाही आधार आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचे एक नगर आहे. तेथील रहिवाशांच्या हृदयविकाराचा अभ्यास १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्या अभ्यासातील १२,०६७ माणसांच्या १९७१ ते २००३ या काळातील नोंदी तपासून दोन संशोधकांनी २००७ मध्ये असे दाखविले की, पतिपत्नींपैकी एक जण स्थूल झाला, तर दुसराही स्थूल होण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी वाढते. भावंडांच्या बाबतीत ती ४० टक्क्यांनी आणि मित्रांच्या बाबतीत ५७ टक्क्यांनी वाढते. स्थूलता हा काही स्पर्शाने पसरणारा रोग नाही. मात्र खाण्याचे प्रमाण, बसण्या-उठण्याच्या रीती आणि “एवढे चालायचेच” ही समजूत एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

आपल्याकडे तर हे अधिकच खरे आहे. तेलाचा डबा एक, पातेले एक, चहाची किटली एक. वडिलांना डॉक्टरांनी तेल कमी करावयास सांगितले, तरी आमटीची फोडणी सगळ्यांसाठी एकच पडते. त्यातून आपला आग्रह! पाहुण्याच्या पानात नको-नको म्हणत असताना वाढलेली पुरणपोळी ही आपल्या मायेची खूण आहे. ती माया जावी असे कोणी म्हणणार नाही. पण ‘पुरे’ म्हणणाऱ्याचा मान राखणे हीही माया आहे, हे आपण आता शिकले पाहिजे. एकट्या माणसाने अशा घरात पथ्य पाळावयाचे म्हणजे वाहत्या पाण्यात उलटे पोहणे होय. सारे घर एका दिशेने निघाले, तर तेच पाणी त्याला पुढे नेते.

खेळाचा अनुभव काय सांगतो

घराने एकत्र यावे हे खरे, पण त्यासाठी स्पर्धा कशाला, असा प्रश्न उरतो. फ्रॅमिंगहॅमच्या त्याच अभ्यासातील ९४ कुटुंबांच्या २०० प्रौढांवर झालेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने आधी आपण रोज किती पावले चालतो हे मोजले आणि त्यापेक्षा काही अधिक पावलांचे स्वतःचे लक्ष्य ठरविले. निम्म्या कुटुंबांना एवढेच करावयास सांगितले. उरलेल्यांना एक खेळ दिला. आठवड्याच्या आरंभी कुटुंबाच्या खात्यावर ७० गुण जमा. रोज घरातील एकाचे नाव, आपण चिठ्ठी टाकून काढतो तसे, निघावयाचे. त्याने आदल्या दिवशी आपले लक्ष्य गाठले असेल, तर गुण शाबूत. नसेल, तर घराचे १० गुण वजा. कोणाचे नाव केव्हा निघेल हे ठाऊक नसल्यामुळे, आपल्यामुळे घराचे गुण जाऊ नयेत म्हणून प्रत्येक जण चालू लागला. बारा आठवड्यांच्या काळात खेळणाऱ्यांनी शंभरांपैकी ५३ दिवस लक्ष्य गाठले. न खेळणाऱ्यांनी ३२ दिवस. खेळणाऱ्यांची रोजची सरासरी १,६६१ पावलांनी वाढली, इतरांची ६३६ पावलांनी.

दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच धर्तीचा आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात वजन जास्त असलेले ६०२ नोकरदार होते. काहींना आप्ताचा आधार, काहींना गटाचे सहकार्य आणि काहींना आपसांतील स्पर्धा असे निरनिराळे खेळ दिले होते. चालण्यात सर्वांत जास्त वाढ स्पर्धेच्या गटात झाली आणि खेळ थांबल्यावरही ती काही अंशी टिकली. तेव्हा चुरशीत शक्ती आहे, यात संशय नाही. आपल्या गावच्या कबड्डीच्या मैदानावर हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. प्रश्न आहे तो या शक्तीला चांगले वळण देण्याचा. या प्रयोगांत गुण चालण्याला होते, म्हणजे जे माणसाच्या हातात आहे त्याला होते. काट्यावरचा आकडा त्याच दिवशी माणसाच्या हातात नसतो.

लक्ष्य कसे ठरवावे

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. एक काल्पनिक घर घेऊ. वडील, वय ४८, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, निर्देशांक २९. आई, वय ४३, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६० किलो, निर्देशांक २६. मुलगा १९ वर्षांचा, उंची १७२ सेंटिमीटर आणि वजन अवघे ५२ किलो; निर्देशांक १७.६, म्हणजे तो कृश. मुलगी १२ वर्षांची. आजी ६८ वर्षांच्या, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या. असे घर आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचे असेल.

या घराने ‘जो सर्वांत जास्त किलो उतरवील तो जिंकला’ असा नियम केला, तर काय होईल? वडील जिंकतील, कारण त्यांच्याकडे उतरविण्यासारखे वजन अधिक आहे. आई प्रामाणिकपणे कष्ट करूनही हरेल. मुलगा चुरशीने आणखी कृश होईल, वाढत्या वयाची मुलगी जेवण टाळू लागेल आणि आजी औषध घेऊन उपाशी राहिल्या, तर त्यांची रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरेल. म्हणजे एकाच्या विजयासाठी चौघांचे नुकसान.

त्याऐवजी प्रत्येकाचे लक्ष्य निराळे ठेवू. वडिलांनी आणि आईने आपल्या वजनाच्या पाच टक्के वजन उतरवावे. वडिलांचे ते चार किलो होतात आणि आईचे तीन. आईने कमरेचा घेरही तीन सेंटिमीटरने कमी करण्याचे योजावे. मुलाने तीन किलो वजन वाढवावे. ५५ किलोला त्याचा निर्देशांक १८.५ च्या वर जातो, म्हणजे तो कृशतेच्या रेषेपलीकडे येतो. मुलीला काट्यावर उभे करूच नये. रोज एक तास मैदानावर खेळणे हेच तिचे लक्ष्य. आजींनी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे अंगणात चालावे, गोळ्या वेळेवर घ्याव्यात आणि साखर ठरल्या दिवशी तपासून घ्यावी.

आता मजा अशी की, ही पाच लक्ष्ये निरनिराळी असूनही एका मापाने मोजता येतात. कोण आपल्या लक्ष्याच्या किती जवळ आला, हे ते माप. वडिलांनी चारांपैकी दोन किलो उतरविले, आईने तिनांपैकी दीड किलो उतरविले आणि मुलाने तिनांपैकी दीड किलो वाढविले, तर तिघेही बरोबर अर्ध्या वाटेवर आहेत. तिघांचे गुण समान! वजन वाढविणारा आणि उतरविणारा एकाच शर्यतीत, एकाच रेषेवर धावू शकतात. ज्या घरात एक कृश आणि एक स्थूल आहे, त्या घराला याहून न्याय्य स्पर्धा सुचविता येईल, असे मला वाटत नाही.

पाच टक्के हा आकडा काहींना फारच लहान वाटेल. परंतु मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांचा फिनलंडमध्ये अभ्यास झाला, तेव्हा पाच टक्के वजन कमी करणे हे उद्दिष्ट होते. अमेरिकेतील अभ्यासात सात टक्के आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम. अनुक्रमे २००१ आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दोन्ही अभ्यासांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. लहान लक्ष्याचा हा पराक्रम आहे.

मुदत, मोजमाप आणि नियम

मुदत दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत ठेवावी, अशी माझी सूचना आहे. वर्षपरत्वे ती तीन-साडेतीन महिन्यांची भरते. आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक वेगाने वजन उतरविण्याची घाई करू नये आणि एवढ्या मुदतीत तशी गरजही पडत नाही. मध्ये दिवाळी येते, हे गैरसोयीचे वाटले तरी इष्टच आहे. फराळाच्या पंधरवड्यात वजन वाढले नाही, तर तो आठवडा जिंकला, असे समजावे. चकली-करंजीला घराबाहेर काढणारे पथ्य संक्रांतीपर्यंत टिकत नाही.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर घ्यावे. रोज काटा पाहू नये. पाण्याने आणि मिठानेही तो रोज इकडेतिकडे होतो. कमरेचा घेर शिंप्याच्या फितीने पंधरा दिवसांतून एकदा मोजावा. आकडे ज्याचे त्याने वहीत लिहावेत. ते मोठ्याने वाचून दाखविण्याची सक्ती नको.

भिंतीवरच्या कॅलेंडरावर मात्र सगळ्यांच्या खुणा असाव्यात. ज्याने आपले त्या दिवशीचे काम केले, त्याने त्या तारखेखाली एक खूण करावी. पाच माणसांच्या आठवड्यात ३५ खुणा होतात. त्यांपैकी २८ झाल्या की तो आठवडा घराने जिंकला. एक मागे पडला, तर दुसऱ्याने त्याला हाक मारावी, हा यातला हेतू. बक्षीस खाण्याचे नसावे आणि दंड तर कोणत्याच रूपात नसावा. चालण्याचे बूट, सायकलीची दुरुस्ती किंवा जवळच्या किल्ल्याची सहल, असे काही चालेल.

आता स्वयंपाकघराचा हिशेब पाहू. या पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा तेलाचा डबा लागतो असे धरू. दर माणशी दर दिवशी सुमारे ३० ग्रॅम तेल होते, म्हणजे २७० उष्मांक. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मधील ‘मन की बात’मध्ये महिन्याचे तेल दहा टक्क्यांनी कमी वापरण्याचे आवाहन केले होते. तसे केले, तर महिन्याला अर्धा लिटर तेल वाचते आणि दर माणशी रोजचे २७ उष्मांक कमी होतात. दिवसाला तीन कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घेणारा माणूस चहातूनच ३० ग्रॅम साखर घेतो. एकेक चमचा कमी केला, तर ६० उष्मांक वाचतात. अर्धा तास झपाझप चालण्याने साधारण सव्वाशे उष्मांक खर्ची पडतात. तिन्ही मिळून दोनशेच्या वर होतात. शंभर दिवस हे सांभाळले, तर कागदावरचा हिशेब अडीच किलोच्या पुढे जातो. शरीर कागदाप्रमाणे तंतोतंत वागत नाही. तरीही कोणताही महागडा डबा, चूर्ण किंवा पट्टा विकत न घेता वाट बरीचशी सरते, हे यावरून दिसेल. त्या कृश मुलाच्या पानात मात्र याच काळात डाळ, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांची भर पडली पाहिजे. घराचे पथ्य त्याच्यावर लादू नये.

स्वयंपाक करणारीचा वाटा

या स्पर्धेत एक खेळाडू प्रारंभापासूनच मागे उभी असते. ती म्हणजे घरची गृहिणी. सर्वांचे जेवण झाल्यावर ती बसते आणि पातेल्यात उरलेले वाया जाऊ नये म्हणून दोन घास जास्त खाते. तिच्या वजनात या उरलेल्या घासांचा वाटा किती, याचा विचार आपण क्वचितच करतो. वडील पहाटे फिरावयास जाऊ शकतात, कारण त्या वेळी चहा आणि डबा कोणीतरी करत असते. तिला तो अर्धा तास कोण देणार? केवळ “तूही चालत जा” असे सांगून तिला वेळ मिळत नाही. म्हणून माझी आग्रहाची सूचना आहे की, घरातील पुरुषाने किंवा मुलाने संध्याकाळची भांडी घासली, तर त्याच्या नावावर खूण करावी. आणि तिने त्या वेळात चालून आल्यावर तिच्या नावावर दुसरी. सर्वांनी एका पंगतीला बसावे आणि अन्न मोजके शिजवावे. एवढे झाले, तर ही स्पर्धा काट्यावर काहीही दाखवो, घरात काही चांगले घडले असे मी मानीन.

दुसरी गोष्ट भाषेची. ‘जाड्या’, ‘ढोल’, ‘पाप्याचे पितर’, ‘काडी’ हे शब्द घरात थट्टेने वापरले जातात. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मनात ते खोल रुततात आणि मग लपून खाणे किंवा लपून उपाशी राहणे सुरू होते. स्पर्धेच्या काळात तरी हे शब्द घराबाहेर ठेवावेत; एकदा सवय झाली की ते परत आणण्याची गरज भासणार नाही.

टाळ्या वाजविण्यापूर्वी

काही माणसांनी वजन उतरविण्याच्या स्पर्धेत उतरू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, आधीच कृश असलेली माणसे यांचा यात प्रथम विचार करावा. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणारे, तसेच हृदयाचे व मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय खाण्यात मोठा बदल करू नये.

आणि एक इशारा. स्पर्धेत कोणाचे वजन फार लवकर, विशेष प्रयत्नाशिवाय उतरू लागले, तर त्याचे अभिनंदन करण्याची घाई करू नका. विनाकारण वजन घटणे हे क्षयरोगाचे, अनियंत्रित मधुमेहाचे, गलग्रंथीच्या विकाराचे किंवा कर्करोगाचे लक्षण असू शकते. सोबत दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल, तर त्या माणसाला सरळ आरोग्य केंद्रात न्या. क्षयरोगाची तपासणी आणि उपचार शासनाच्या आरोग्य संस्थांत विनामूल्य होतात. घरातील वही येथे उपयोगी पडते, कारण नोंद असली म्हणजे घट वेळीच ध्यानात येते.

आपण काय करू शकतो

हा विषय घरातला असला, तरी घराला गावाची साथ लागते. उपकेंद्रांच्या पातळीवरील आरोग्यवर्धिनी केंद्रांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले आहे. तेथे तीस वर्षांवरील नागरिकांच्या रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी विनामूल्य केली जाते. स्पर्धा सुरू करण्यापूर्वी सर्व प्रौढांनी ती करून घ्यावी, हे पंचायत सदस्यांनी व आशा कार्यकर्तींनी घरोघर सांगावे. ज्या रस्त्याने स्त्रिया संध्याकाळी चालू शकतील, अशा एका रस्त्यावर तरी दिवे लागलेले असावेत. हे काम पंचायतीच्या आवाक्यातील आहे. शाळेचे मैदान संध्याकाळी खुले राहावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या संलग्न शाळांना साखरेच्या प्रमाणाची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. आपल्या प्राथमिक शाळेतील शिक्षकालाही खडू आणि फळा घेऊन हे करता येईल. एका सरबताच्या बाटलीत किती चमचे साखर असते, हा गणिताच्या तासाचा उत्तम विषय आहे. मुलांना वर्गात वजनावरून उभे करणे मात्र कटाक्षाने टाळावे. आणि आपल्या बैठकांतून चहा येतो, तेव्हा साखर वेगळी ठेवण्याची प्रथा पडली, तर तिच्यासाठी कोणत्याही मंजुरीची आवश्यकता नाही!

शेवटी एका भारतीय अभ्यासाचा उल्लेख करतो. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी आहार आणि चालणे यांत बदल केला, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्यांच्या वजनात म्हणण्यासारखी घट झालीच नव्हती! काट्याने त्यांना नापास केले असते. शरीराने त्यांना उत्तीर्ण केले.

म्हणून संक्रांतीला वही उघडाल तेव्हा फक्त किलो पाहू नका. तेलाचा डबा किती दिवस पुरला, चहातला चमचा एकावर आला का, घरची गृहिणी आठवड्यातून किती दिवस चालून आली, कृश मुलाच्या अंगाला काही लागले का, हे विचारा. याची उत्तरे समाधानकारक असतील, तर त्या घरात कोणीही हरलेला नाही. आणि पुढच्या दसऱ्याची वाट न पाहता तीच दिनचर्या चालू ठेवावयास हरकत नाही. आपण सर्वांनी या गोष्टीचा प्रारंभ आपापल्या घरापासून करावा, अशी माझी विनंती आहे.